घरी काम केल्यावर गाडी मिसिंग मारून राहिली? आधी शेवटचा हात शोधा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. आमच्याकडे बाबांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग असलेली), एमएच ३१ पासिंग. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल पाझरत होतं आणि गरम सायलेन्सरच्या बाजूने तो जळका वास केबिनमध्ये यायचा, तर म्हटलं एवढ्यासाठी काय गॅरेजला जायचं, पॅकिंग आणू आणि घरीच टाकू. सकाळी सहालाच बसलो कारण नागपुरात मे महिन्यात नऊनंतर पार्किंगच्या फरशीवर गुडघा टेकवता येत नाही. पॅकिंग टाकलं, हात लागलाच आहे तर प्लग बदलले, एअर फिल्टर झटकला, साडेआठला सगळं बंद केलं आणि मोठ्या तोऱ्यात सेल्फ मारला. गाडी सुरू झाली पण अशी थरथरायला लागली की आरशात मागची बिल्डिंग हलून राहिली होती. यालाच मिसिंग म्हणतात, इंजिन मधेमधे पेटायचं चुकते.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. पेचकस घेतला आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला लागलो. पाव आटा, अर्धा आटा, मग उलटा, मग परत. दुपारपर्यंत गाडी आणखी बिघडली आणि तो स्क्रू मुळात कुठे होता हेही माझ्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे म्हातारे मिस्त्री आले, हातात एक पाना नाही, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेवटचा हात कोणाचा लागला होता याले?" म्हटलं माझाच. "मंग माह्या हाताचं काय काम? तू काय काय खोललं ते उलटं सांगत ये." मी सांगत गेलो, ते पाहत गेले, आणि एअर फिल्टरचा डब्बा उचलल्यावर त्याच्या खाली एक करंगळीएवढा रबरी पाइप मोकळा लोंबत दिसला. तो लावायला दहा सेकंद लागले. मी बिघडवलेला स्क्रू जागेवर आणायला पाऊण तास.

तर हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी नुकतंच घरी जुन्या गाडीचं काम करायला सुरुवात केली आहे आणि काम झाल्यावर गाडी आधीपेक्षा वाईट चालते म्हणून डोकं धरून बसले आहेत. एकच गोष्ट पक्की धरा, काल गाडी नीट चालत होती आणि आज नाही, तर बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो जिथे तुमचा हात लागला. कॉइल, कार्बोरेटर, कॉम्प्रेशन हे सगळं एका रात्रीत एकदम खराब होत नाही. मी उदाहरणं मारुतीची देतो कारण तीच माझ्या दारात आहे, पण पद्मिनी, अॅम्बॅसेडर, ओम्नी, जिप्सी, कोणतीही जुनी पेट्रोल गाडी असली तरी पद्धत हीच.

हात लावायच्या आधी

इंजिन चालू ठेवून तपासणी करायची आहे, तर गाडी उघड्यावर काढा. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये इंजिन सुरू ठेवू नका, गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, चाकाला वीट लावा. उन्हाळ्यात आपण सगळेच दुपट्टा बांधून फिरतो, तो इंजिनवर वाकताना काढून ठेवा, बेल्टमध्ये एक टोक गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन कधीही आपोआप सुरू होतो, तिथे बोट नको. पेट्रोलचं काम चालू असताना सिगारेट नको आणि पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नसते, जवळ एक टोपलं कोरडी रेती किंवा छोटा एक्स्टिंग्विशर ठेवा.

पहिलं काम कागद-पेनचं

हसू नका, खरंच कागद घ्या. काल काय काय खोललं, काय काढून बाजूला ठेवलं, कशाला फक्त धक्का लागला, कोणता पाइप रस्त्यात येत होता म्हणून वाकवला, सगळं लिहा. मी त्या दिवशी लिहिलं असतं तर 'एअर फिल्टरचा डब्बा काढला' ही ओळ कागदावर आली असती. मला ते कामच वाटलं नव्हतं, पॅकिंगपर्यंत पोचायला मधे आलेली अडचण वाटली होती. बिघाड जास्त करून अशाच ठिकाणी होतो, मुख्य कामात आपलं लक्ष असते, वाटेत जे बाजूला सारलं तिथे नसते. नवीन मुलांना मी सांगतो की खोलायच्या आधी मोबाइलवर चार फोटो काढा, चारही बाजूंनी, फोकटचं काम आहे आणि नंतर सोन्यासारखं कामी पडते.

मग लिस्ट खालून वर तपासत जा. शेवटी जे बसवलं ते आधी पाहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलली की इंजिन सुरू करून ऐका, फरक नाही पडला तर ती गोष्ट होती तशी परत करा आणि मगच पुढे जा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळणार नाही, आणि बिघडली तर मग विचारूच नका.

कशी थरथरते ते ऐका

दोन मिनिटं काहीच करू नका, फक्त उभे राहा. सायलेन्सरच्या तोंडापाशी हात धरा, जरा लांबून. फक-फक-गॅप, फक-फक-गॅप असं एका ठेक्यात चुकत असेल तर एक सिलिंडर मेलेला आहे, तीनमधला एक गेला की मारुती अशीच चालते. ठेका नाही, कधीही कुठेही चुकते, तर पेट्रोल किंवा हवा पाहायची. नुसती स्लोवर, म्हणजे रेस न देता, थरथरते आणि रेस दिली की एकदम गुळगुळीत होते, तर कुठून तरी फालतू हवा ओढून राहिली आहे किंवा स्लो रनिंगचं जेट (पेट्रोलचं बारीक भोक) तुंबलं आहे. उलट स्लोवर बरी पण रस्त्यावर पिकअपच नाही, चढावर दम तोडते, तर टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) चुकलं आहे किंवा पेट्रोल कमी येते. कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके फोडत असेल तर प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या असण्याचा मोठा चान्स आहे.

एक गंमत. कधीकधी इंजिन अगदी बरोबर चालत असते आणि हलते फक्त गाडी, कारण इंजिन माउंटिंगचं रबर फाटलेलं असते किंवा काम करताना त्याचा बोल्ट ढिला केलेला असतो. आधी तोही हलवून पाहा.

मेलेला सिलिंडर कोणता

मला सगळ्यात आवडणारी पद्धत पाण्याची आहे. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा, मिनिटभर चालू द्या, मग बोट पाण्यात बुडवून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर, म्हणजे जिथे तो हेडमधून निघतो तिथे, एक-एक थेंब टाका. जिथे चर्रर्र होऊन थेंब उडाला तो सिलिंडर जिवंत. जिथे थेंब तसाच घरंगळत खाली गेला तो मेला. थेंबच टाकायचा, तांब्याने पाणी ओतायचं नाही, बीडाच्या मॅनिफोल्डला गरम असताना एकदम पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. आणि हे मिनिटभर झाल्यावर लगेच पाहायचं, नंतर सगळेच फाटे तापतात.

दुसरी पद्धत म्हणजे एक-एक प्लगची कॅप काढून पाहणं. जिवंत सिलिंडरची कॅप काढली की इंजिनचा आवाज पडतो, मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. पुष्कळ मिस्त्री हे इंजिन चालू असताना हातानेच करतात, तुम्ही करू नका, झटका जोरात बसतो. इंजिन बंद करा, एक कॅप काढा, तिच्यात जुना प्लग खोचून त्याचा लोखंडी भाग इंजिनला टेकवून ठेवा म्हणजे स्पार्कला वाट मिळते, आणि मग सुरू करा. एमपीएफआय गाडीवर (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी), ज्याला धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, हा खेळ जास्त वेळ खेळू नका, न जळलेलं पेट्रोल आत जाऊन कन्व्हर्टर तापते आणि खराब होते. तिथे त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढून पाहणं बरं.

प्लग आणि वायरी

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढा. प्लग म्हणजे इंजिनची जीभ आहे, डॉक्टर जीभ पाहतो तसा पाहायचा. टोक फिकट तपकिरी, दुधाच्या चहाच्या रंगाचं, तर सगळं ठीक. कोरडं काळं काजळीसारखं, तर पेट्रोल जास्त येते किंवा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) अडकला आहे. ओलं आणि पेट्रोलचा वास, तर स्पार्कच नाही पडून राहिला. ओलं पण तेलकट, तर ऑइल वर येते, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरं फटक, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

नवीन प्लग टाकला म्हणजे तो चांगलाच, असं समजू नका. प्लगचा पाना जरा तिरपा बसला तर पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढी चीर जाते, डोळ्याला दिसतही नाही, आणि स्पार्क आत न जाता त्या चिरेतून बाहेरच्या बाहेर निघून जातो. नख सगळीकडून फिरवून पाहा, चीर नखाला लागते. नसेल कळत तर दुसऱ्या सिलिंडरचा प्लग इथे टाका आणि इथला तिथे. मिसिंग प्लगसोबत गेलं तर प्लग खराब, जागेवरच राहिलं तर प्लग सोडून पुढे चला. नवीन प्लगचा गॅप दुकानातून बरोबर येईलच असं नाही, फीलर गेजने पाहा, कार्बोरेटरवाल्या मारुतीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर. प्लग घालताना आधी हाताने फिरवा, तीन-चार आटे हाताने गेले पाहिजेत, पहिल्या आट्यापासूनच पाना लावला तर अॅल्युमिनियमच्या हेडचा आटा जाईल आणि मग पॅकिंगच्या पैशात सुरू झालेलं काम लेथवर जाऊन संपेल.

आता वायरी. वायर कधी वायरीला धरून ओढायची नाही, कॅपला धरून ओढायची, नाही तर आतली तार तुटते आणि बाहेरून वायर अगदी नवी दिसते. बसवताना 'टक' असा आवाज आला पाहिजे किंवा हाताला जाणवलं पाहिजे. मग क्रम. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२, आणि एक नंबर म्हणजे टायमिंग बेल्टच्या बाजूचा. चार सिलिंडरच्या पद्मिनी किंवा अॅम्बॅसेडरला १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटून देणारा भाग) कॅपवर रोटर, म्हणजे आतला फिरणारा तुकडा, ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने हा क्रम लागला पाहिजे. दिशा माहीत नसेल तर कॅप काढून कोणाला तरी एक सेकंद सेल्फ मारायला सांगा, रोटर फिरताना दिसतो. मारुतीत दोन आणि तीनच्या वायरी अदलाबदल झाल्या तर एकच सिलिंडर बरोबर चालतो, बाकीचे दोन भलत्या वेळी पेटतात, गाडी खोकते, फटाके फोडते, सुरू झाली तरी टिकत नाही. पुढच्या वेळी खोलताना प्रत्येक वायरीला मेडिकल टेपचा तुकडा लावून नंबर लिहा, संपला झोल.

कॅप हातात आहेच तर आतून पुसा आणि उजेडात धरा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर ती चीर आहे, तिच्यातून करंट पळतो. जुन्या पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटचा गॅप आणि कंडेन्सरची वायरही पाहा.

रात्रीची एक टेस्ट सांगतो. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली होती, पूर्ण अंधार, मी बोनेट उघडून गाडी सुरू केली आणि कॉइलपासून येणाऱ्या जाड वायरीवर निळ्या मुंग्या चालल्यासारख्या दिसल्या. त्या दिवसाआधी दोन महिने मी त्या वायरीला दिवसाउजेडी पाहून 'चांगली आहे' म्हणत होतो. अंधारात पाहा, नसेल दिसत तर फवाऱ्याच्या बाटलीने वायरींच्या जवळ हवेत हलका पाण्याचा धुरळा मारा, लीक असेल तर नाचायला लागते.

हवेची चोरी

माझ्या गाडीचा रोग हाच होता. कार्बोरेटर मोजून पेट्रोल देतो, हवा त्याच्यातून जाईल या हिशोबाने. मधेच कुठून तरी जास्तीची हवा घुसली की हिशोब बिघडतो आणि स्लोवर इंजिन थरथरते. रेस दिली की एवढी हवा जाते की ती चोरी लक्षात येत नाही, म्हणून गाडी वर बरी वाटते.

इंजिन चालू ठेवून आधी कान द्या, 'स्स्स' असा आवाज येतो का. साधा अर्धा मीटर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं टोक मॅनिफोल्डच्या जोडापाशी, पाइपांच्या तोंडापाशी, कार्बोरेटरच्या बुडाशी फिरवत न्या, चोरी जिथे आहे तिथे कानात एकदम जोरात फुसफुसते. मग तीच फवाऱ्याची बाटली घ्या, साधं पाणी, आणि एक-एक जोडावर थोडंसं मारा, आवाज बदलला तर तिथेच आहे. कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरवर मारू नका. नेटवर लोक कार्बोरेटर क्लीनर मारायला सांगतात, तो चटकन कळतो हे खरं पण गरम इंजिनवर तो पेटतोही, नवख्याने पाणीच वापरावं.

कुठे पाहायचं? डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युमच्या डबीला जाणारा बारीक पाइप, टॅपेट कव्हरवरून येणारा ब्रीदर पाइप, ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा जाड पाइप (ब्रेक दाबला की स्लो बदलते का पाहा), आणि कार्बोरेटर काढला असेल तर त्याच्या खालचं पॅकिंग. पाइप लागलेला दिसतो म्हणून सोडू नका, टोक काढून वाकवून पाहा. आपल्याकडच्या उन्हात रबर पापडासारखं होते, वरून साबुत आणि वाकवलं की आत चिरा. टोकाला चीर असेल आणि पाइप लांब असेल तर तेवढा अर्धा इंच कापून परत लावा, बस झालं. आणि ऑइल टाकायचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसली का तेही पाहा, बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेही फरक पडतो.

पेट्रोल

फिल्टर बदलला असेल तर त्याच्यावरचा बाण पाहा, बाण कार्बोरेटरकडे पाहिजे. उलटा लागला तरी गाडी चालते, पण कधी नीट, कधी उपाशी. क्लिपा ढिल्या असतील तर पंप पेट्रोलसोबत हवाही ओढतो. कार्बोरेटरला हात लागला असेल तर त्याच्यावरच्या सोलेनॉइडची (विजेवर चालणारी छोटी झडप) वायर पाहा, बऱ्याच कार्बोरेटरला असते, ती निघाली की गाडी स्लोवर टिकतच नाही आणि रेसवर चालते, माणूस अख्खा कार्बोरेटर खोलून बसतो आणि वायर बाजूला लोंबत असते. चोकची केबल पूर्ण परत जाते का पाहा.

इथे जरा आजचा विषय. आता पंपावर ई२० मिळते, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्याच शहराचे गडकरी साहेब इथेनॉलच्या बाजूने किती बोलतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्या वादात मी पडत नाही, पण १९९७ च्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरची पॅकिंगं या पेट्रोलसाठी बनलेली नाहीत एवढं खरं. इथेनॉलने जुनं रबर फुगते किंवा कडक होते, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो, ते हवेतलं पाणी ओढते, आणि त्याला जळायला हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडते. म्हणून महिनोन्महिने उभी असलेली गाडी काढून काम केलं असेल तर आधी जुनं पेट्रोल काढा, आणि पाइप घेताना दुकानात इथेनॉलला चालणारा फ्युएल पाइप मागा, नळाचा पारदर्शक पाइप लावू नका.

आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना गाडी सिग्नलवर उभी राहून झटके देते, बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, तर त्यात तुमच्या रिपेअरचा काही दोष नसेलही. पेट्रोल पाइपात उकळून वाफ होते आणि पंपाला ओढता येत नाही. जुने लोक पंपावर ओला कपडा टाकतात, तो उपाय खरंच चालतो. फक्त काम करताना तुम्ही पंपाखालचा जाड काळा इन्सुलेटर किंवा पाइपावरचं कव्हर काढून फेकलं असेल तर ते परत लावा.

आता जड गोष्टी

इथपर्यंत नाही सापडलं तरच पुढे या. डिस्ट्रिब्युटर ढिला केला होता का? थोडा फिरला तरी टायमिंग जाते. खोलायच्या आधी बॉडीवर आणि त्याच्यावर नेलपॉलिशने एकच आडवी रेघ मारली असती तर आता दोन सेकंदात जागेवर आला असता. नसेल मारली तर टायमिंग लाइटने मॅन्युअलच्या मापावर आणा, कानाने लावू नका, कानाला जे चांगलं वाटते ते बहुतेक जरा पुढे असते आणि मग चढावर खडखडते.

टायमिंग बेल्ट बदलला असेल आणि सगळेच सिलिंडर मेल्यासारखे, पिकअप नाही, तर एक दाता चुकला असू शकतो. इथे सेल्फ मारत बसू नका, कव्हर काढून खुणा जुळवा.

टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे) सेट केले असतील तर एक लक्षात ठेवा, आवाज करणारा टॅपेट बरा, चुप बसलेला वाईट. टिक-टिक करणारा ढिला आहे, गाडी चालेल. पण जो घट्ट झाला त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन निसटते, सिलिंडर मिस मारतो, आणि असंच चालवलं तर व्हॉल्व्ह जळतो. नवीन माणूस आवाज नको म्हणून कसत जातो आणि इथेच फसतो. मॅन्युअलमध्ये थंड इंजिनचं माप वेगळं आणि गरमचं वेगळं असते, दोन्ही मिसळू नका.

इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी परत लावली का? ती राहिली तर सेल्फ मंद फिरतो, स्पार्क कमजोर पडतो, आणि करंट चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली तर समजून जा.

हे सगळं ठीक असेल तर कॉम्प्रेशन गेज आणा, भाड्यानेही मिळते. सगळे प्लग काढा, कॉइलची वायर काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एक सिलिंडर खूप कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत पाहा, आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट मधोमध गेलं, आणि हेड खोललं होतं तर बोल्ट क्रमाने आणि टॉर्क पान्याने आवळले होते का, हे स्वतःलाच विचारा. रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखं पांढरं दिसलं तरी तेच असू शकते. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये पण दरवर्षी कोणीतरी पोळते.

एमपीएफआय गाडी असेल तर थोडक्यात, काढलेले सगळे सेन्सरचे कनेक्टर टक होईपर्यंत बसले का पाहा, थ्रॉटल बॉडी आणि एअर फिल्टरच्या मधला पाइप फाटला का पाहा, चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड वाचून घ्या. तो दोनशे-चारशेचा ब्लूटूथ स्कॅनर २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांवर बोलतच नाही, त्यामुळे स्कॅनर गप्प आहे म्हणजे गाडी ठीक आहे असं समजू नका.

स्क्रू सगळ्यात शेवटी

आता, आणि आताच, कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावा. आधी हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन आटे मोजा, वहीत लिहा, आणि परत तेवढेच बाहेर आणा. इंजिन पूर्ण गरम, चोक न ओढलेला, फॅन थांबलेला. मग पाव-पाव आटा, प्रत्येक पावाला दहा सेकंद थांबायचं, जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि गुळगुळीत फिरते ती जागा पकडायची आणि मग रेसच्या स्क्रूने स्लो खाली आणायचं. आत घेताना जोर लावला तर सुईचं टोक खराब होते आणि मग कोणत्याच आट्यावर सेट होत नाही. झालं की एकदा पीयूसी करून घ्या, कानाला बरोबर वाटलेलं मिश्रण तिथल्या मशीनवर किती खरं ते कळते.

यानंतरही जमलं नाही तर मिस्त्रीकडे न्या, त्यात लाज काही नाही. फक्त तो कागद सोबत न्या आणि खरं सांगा की मी हे हे खोललं होतं. 'आपोआप झालं' म्हटलं की तो बिचारा पहिल्यापासून शोधत बसतो आणि पैसे तुमचे जातात.

जमलं तर लगेच हायवेला नका काढू. मी सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नेऊन पाहतो, तिथे मिस मारत असेल तर लगेच कळते. घरी आल्यावर थंड झाली की प्लग एकदा काढून रंग पाहा आणि रात्री इंजिनखाली एक कोरा पुठ्ठा ठेवा, सकाळी कुठे काय गळते ते त्याच्यावर दिसते. माझ्या पुठ्ठ्यावर त्या सकाळी टॅपेट कव्हरच्या बरोबर खाली रुपयाएवढा ऑइलचा डाग होता, ज्यासाठी हे सगळं सुरू केलं होतं तोच. पॅकिंग एका बाजूने आधी आवळलं होतं मी. या रविवारी परत बसून राहिलो, यावेळी फोटो काढून.